टेप लायब्ररीत, कपाटात की बाहेर? २४ स्लॉटच्या लायब्ररीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २४ स्लॉटची (टेपा ठेवायच्या खणांची) छोटी लायब्ररी, म्हणजे रोबो टेपा बदलतो ते यंत्र, आत एलटीओ-८ या पिढीच्या टेपांचा एक ड्राइव्ह, बॅकअपचं सॉफ्टवेअर बॅक्युला. बॅकअप आधी डिस्कवर जातो, तिथे दोन आठवडे राहतो आणि तिथून टेपवर उतरतो. शुक्रवारी रात्री ९ वाजता ४० टीबीचा फुल (सगळ्या डेटाचा बॅकअप) सुरू होतो, सोमवार ते गुरुवार रोज साधारण २ टीबीचे इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या डेटाचे). शनिवारी सकाळी ऑपरेटर मॅगझिन (टेपांचे स्लॉट असलेला ट्रे) बाहेर ओढतो, वापरलेल्या टेपा कपाटात ठेवतो आणि दुसऱ्या घालतो. महिन्याच्या टेपा दुसऱ्या इमारतीत जातात. सगळ्या मिळून टेपा नव्वदच्या आसपास. आठवड्यातून एकदा तरी रात्रीचा जॉब अडकतो, कारण बॅक्युला अशी टेप मागतं जी लायब्ररीत नसते. कधी कधी ती कपाटातही सापडत नाही. शेवटचा प्रश्न: ४८ स्लॉटची लायब्ररी घेतली तर हे सुटेल का?

आधी शनिवारचं बघू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. एलटीओ-८ च्या फुल-हाइट (पूर्ण उंचीच्या) ड्राइव्हचा मूळ वेग सेकंदाला ३६० एमबी आणि हाफ-हाइटचा ३००. डिस्क पूर्ण वेगाने डेटा पुरवते आहे असं धरलं तरी ४० टीबी उतरायला ३१ ते ३७ तास लागतात. शुक्रवारी रात्री ९ ला सुरू झालेला फुल रविवारी पहाटे ४ च्या आधी संपूच शकत नाही. म्हणजे शनिवारी सकाळी तुमचा ऑपरेटर मॅगझिन ओढतो तेव्हा जॉब अर्ध्यातही पोचलेला नसतो आणि एक टेप ड्राइव्हमध्ये लिहिली जात असते. तिचा स्लॉट त्या वेळी रिकामा दिसतो. ऑपरेटरला वाटतं ही मोकळी जागा आहे, तो तिथे दुसरी टेप खोचतो. नंतर केव्हातरी ड्राइव्हमधली टेप भरते, रोबो तिला तिच्या जागी परत ठेवायला जातो आणि जागा भरलेली. जॉब तिथेच थांबतो. तुमच्या लॉगमध्ये शनिवारी दुपारनंतर ‘अनलोड’ची चूक नोंदलेली दिसते का ते तपासा. मला वाटतं, दिसेल.

म्हणून पहिला बदल: टेपा काढायचा वार शनिवार नको, सोमवार धरा. सकाळी ११ च्या सुमारास. फुल संपलेला असतो, इन्क्रिमेंटल सुरू व्हायला रात्र असते, आणि काही चुकलं तर निस्तरायला ऑफिसात माणसं असतात. दुसरा बदल: ड्राइव्ह रिकामा असल्याशिवाय मॅगझिनला हात लावायचा नाही. आधी ड्राइव्हमधली टेप सॉफ्टवेअरकडून तिच्या स्लॉटमध्ये परत पाठवायची, पॅनलवर ड्राइव्ह रिकामा असल्याचं डोळ्यांनी बघायचं, मगच मॅगझिन सोडायचं.

तीन वेगवेगळे हिशेब

आता मूळ गोष्ट. तुमच्याकडे टेपांचे तीन हिशेब एकाच वेळी चालू आहेत. एक लायब्ररीचा. तिच्या लेखी चारच प्रकारच्या जागा असतात: रोबोचा हात, साठवणीचे स्लॉट, आत-बाहेर करायचा मेल स्लॉट आणि ड्राइव्ह. कुठल्या जागेत कुठला बारकोड आहे एवढंच तिला कळतं. टेपवर काय लिहिलंय, ते जपायचं आहे की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मॅगझिन परत आत गेलं की ती सगळे बारकोड पुन्हा वाचते, त्यामुळे तिचा हिशेब सहसा ताजा असतो.

दुसरा हिशेब बॅक्युलाच्या कॅटलॉगचा. प्रत्येक टेपवर कुठले जॉब आहेत, रिटेन्शन (जपून ठेवायची मुदत) कधी संपतं, टेप कुठल्या स्लॉटमध्ये आहे आणि ‘इनचेंजर’ (लायब्ररीच्या आत) आहे की नाही, हे सगळं तिथे. पण लायब्ररीत तुम्ही हाताने केलेला बदल कॅटलॉगला आपोआप समजत नाही. ‘अपडेट स्लॉट्स’ ही आज्ञा दिली की बॅक्युला लायब्ररीकडून बारकोडची यादी घेतं आणि आपली नोंद दुरुस्त करतं. ती दिली नाही, तर काढलेली टेप कॅटलॉगच्या दृष्टीने अजून सातव्या स्लॉटमध्येच बसलेली असते. या आज्ञेला काही सेकंद लागतात. तिच्याच शेजारची ‘स्कॅन’वाली आज्ञा मात्र प्रत्येक टेप ड्राइव्हमध्ये चढवून लेबल वाचते. बारकोड असताना तिची गरज नाही, सगळी दुपार त्यात जाईल.

तिसरा हिशेब बाहेरचा, आणि तो कुणाकडेच नाही. कपाट, दुसरी इमारत, वाटेत कुणाच्या तरी गाडीत ठेवलेली पेटी, यांचा बारकोड कुठलाही रोबो वाचत नाही. तो हिशेब माणसानेच लिहायला हवा. हरवलेल्या टेपा हरवतात त्या बहुतेक इथेच.

अर्धी भरलेली टेप

तुमचा रात्री अडकणारा जॉब बहुधा या टेपेमुळेच अडकतो. ४० टीबीचा फुल १२ टीबीच्या टेपांवर गेला की तीन टेपा भरतात आणि चौथीवर फक्त ४ टीबी जातात. (टेपेच्या खोक्यावर ३० टीबी छापलेलं असतं, पण तो अडीचपट कॉम्प्रेशनचा आकडा आहे. व्हिडिओ, फोटो, आधीच दाबलेल्या फायली असल्या की त्यातलं काही मिळत नाही. नियोजन नेहमी १२ वर करावं.) भरलेल्या तीन टेपांची स्थिती ‘फुल’ होते, चौथी ‘अपेंड’ राहते, म्हणजे ‘अजून जागा आहे, लिहा’. तुम्ही चारही काढून नेता. पुढच्या जॉबच्या वेळी बॅक्युला त्याच पूलमध्ये (एका कामासाठीच्या टेपांच्या गटात) लिहिता येण्यासारखी टेप शोधतं, त्याला ही चौथी सापडते, कॅटलॉग म्हणतो ती अकराव्या स्लॉटमध्ये आहे, आणि अकराव्या स्लॉटमध्ये भलतीच टेप निघते. मग ‘टेप चढवा’ असा निरोप टाकून ते वाट बघत बसतं.

उपाय सोपा आहे. जी टेप बाहेर जायची आहे ती आधी बंद करायची, म्हणजे तिची स्थिती ‘यूज्ड’ करायची. हाताने करता येतं, पण माणसावर सोडू नका. पूलमध्ये ‘व्हॉल्यूम यूज ड्युरेशन’ घाला. पहिल्यांदा लिहिल्यापासून तेवढा काळ गेला की टेप आपोआप ‘यूज्ड’ होते. फुलच्या पूलला २४ तास ठेवले तर रविवारी पहाटे सुरू झालेली चौथी टेपसुद्धा सोमवारी सकाळच्या पुढे कुणी पुन्हा उघडणार नाही. इन्क्रिमेंटलचा पूल वेगळा ठेवा आणि त्याला ६ दिवस द्या. चौथ्या टेपेवरची ८ टीबी जागा वाया जाते याचं वाईट वाटू देऊ नका. बाहेर गेलेल्या टेपेत पुन्हा लिहायची सोय ठेवणं त्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवर असाल तरी तत्त्व हेच, फक्त शब्द वेगळे. आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्टमध्ये, ज्याला जुनी मंडळी अजून टीएसएमच म्हणतात, बाहेर गेलेल्या टेपेचा ॲक्सेस ‘ऑफसाइट’ करतात. मग सॉफ्टवेअर ती मागतच नाही.

बारकोड हीच ओळख

स्लॉट ही बसायची जागा आहे आणि बारकोड हे माणसाचं नाव. नोंदवहीत ‘स्लॉट ७ ची टेप’ असं कधीच लिहू नका. एलटीओच्या बारकोडवर सहा अक्षरांचा क्रमांक असतो आणि शेवटच्या दोन अक्षरांत टेपेची पिढी, म्हणजे एलटीओ-८ ला ‘एल८’. तो क्रमांक संस्थेच्या आयुष्यात एकदाच वापरायचा. टेप खराब होऊन फेकली तरी तोच क्रमांक नव्या टेपेवर चिकटवायचा नाही, नाहीतर कॅटलॉगमधली जुनी नोंद आणि नवी टेप यांची गाठ पडते आणि ती सोडवताना फार त्रास होतो.

क्रमांकात अर्थ भरायचा मोह होतो: महिन्याच्या टेपेला ‘एम’, शुक्रवारच्या टेपेला ‘एफ’. करू नका. टेपेचं काम बदलतं. आज महिन्याची असलेली टेप पुढच्या वर्षी रिकामी होऊन आठवड्याच्या संचात जाते, आणि मग लेबल एक सांगतं, कॅटलॉग दुसरं. साधे ओळीने क्रमांक ठेवा. काम काय आहे ते पूल सांगतो.

लेबलं विकत घ्या. साध्या कागदावर छापून गोंदाने चिकटवलेली लेबलं ड्राइव्हच्या उबेत कडेने सुटतात आणि आत अडकतात. लेबल टेपेच्या पुढच्या बाजूला त्यासाठी केलेल्या खोलगट जागेतच बसलं पाहिजे. टेपेवर दुसरा कुठलाही कागद, सेलोटेप, ‘अर्जंट’ची चिठ्ठी काही नको. सांगायचं असेल ते पेटीवर लिहा.

आत किती ठेवायच्या

तुमच्या २४ स्लॉटांतला एक मेल स्लॉट, एक क्लीनिंग टेपेचा. उरले २२. एका आठवड्याला फुलच्या ४ आणि इन्क्रिमेंटलची १, अशा ५ टेपा लागतात (८ टीबी एका टेपेत आरामात बसतात). चालू आठवड्याच्या ५, पुढच्या आठवड्याच्या रिकाम्या ५ आणि राखीव रिकाम्या ५, अशा १५ आत ठेवा. राखीव पाच गणपतीसाठी आणि दिवाळीसाठी आहेत. सुट्टीच्या आठवड्यात टेपा बदलायला कुणी येत नाही आणि बॅकअप मात्र थांबत नाही. उरलेल्या ७ पैकी ३-४ जागा बाहेरून रिस्टोअरसाठी (डेटा परत काढण्यासाठी) मागवलेल्या टेपांच्या. बाकीच्या रिकाम्याच ठेवा. गच्च भरलेल्या लायब्ररीत तातडीची एक टेप घालायची म्हटलं तरी आधी दुसरी काढावी लागते आणि घाईत चुकीची निघते.

बघितलंत का, मागच्या आठवड्याच्या टेपा मी आत ठेवल्याच नाहीत. तुमच्याकडे डिस्कवर दोन आठवड्यांची प्रत आहे. ‘काल माझी फाइल गेली’ छापाचे रिस्टोअर तिथून होतात. मग टेप लायब्ररीत ठेवून मिळतं काय? बॅकअप सर्व्हरचा ताबा मिळवलेला रॅन्समवेअरवाला रोबोला सांगून आतली प्रत्येक टेप चढवू शकतो आणि पुसू शकतो. आत असलेली टेप ऑफलाइन नसते. २७ फेब्रुवारी २०११ ला जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली तेव्हा गूगलकडे डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांत होत्या, पण सॉफ्टवेअरमधला दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला. पत्रं परत आली ती टेपांवरून, कारण त्या दोषाला टेपेपर्यंत पोचता आलं नव्हतं.

आणि इथेच तुमच्या व्यवस्थेतली एक गोष्ट मी उलटी करेन. तुम्ही ताज्या टेपा जवळच्या कपाटात ठेवता आणि महिन्याच्या लांब. आग लागली किंवा पाणी शिरलं तर लायब्ररी, डिस्क आणि कपाट एकाच इमारतीत आहेत, आणि तुमच्या हाती राहील तो महिनाभर जुना डेटा. सर्वांत ताजा संच सर्वांत लांब जायला हवा. सोमवारी काढलेला संच त्याच दिवशी दुसऱ्या इमारतीत पाठवा, आणि येताना तोच माणूस मागच्या सोमवारचा संच घेऊन येईल, तो कपाटात. चार आठवड्यांच्या २० टेपा बाहेर फिरतात, १२ महिन्यांच्या ४८ दुसऱ्या इमारतीत, आतल्या १५ धरून ८३ झाल्या. उरलेल्या बहुधा तुमच्या वर्षाखेरीच्या असाव्यात. नसतील, तर त्या कोणत्या आहेत ते शोधणं हे तुमचं पहिलं काम.

बाहेर काढताना आणि बाहेर ठेवताना

सुरुवात यादीपासून. सोमवारी सकाळी कॅटलॉगमधून ‘फुल’ आणि ‘यूज्ड’ असलेल्या, आत असलेल्या टेपांची यादी काढा आणि छापा. ऑपरेटर यादी हातात घेऊन मॅगझिन काढेल, प्रत्येक बारकोड वाचून खूण करेल. यादीत नसलेली टेप काढायची नाही, मग ती कितीही जुनी दिसो. एकदोनच टेपा असतील तर मेल स्लॉटमधून काढा, मॅगझिन ओढूच नका. काम झालं की मॅगझिन आत, लायब्ररीची इन्व्हेंटरी पुरी होऊ द्यायची, मग ‘अपडेट स्लॉट्स’, आणि मग पुन्हा एक यादी काढून बघायचं की गेलेल्या टेपांचं ‘इनचेंजर’ शून्य झालंय. हे शेवटचं बघणं एका मिनिटाचं आहे आणि रात्रीचे बहुतेक फोन त्यानेच वाचतात.

बाहेरच्या नोंदवहीसाठी फार काही लागत नाही. एक स्प्रेडशीट पुरते: बारकोड, सध्या कुठे, केव्हापासून, कुणी दिली, कुणी घेतली, परत कधी येऊ शकते. फक्त ‘सध्या कुठे’ या रकान्यात ‘लायब्ररी’, ‘कपाट’, ‘दुसरी इमारत’ एवढ्यावर थांबू नका. ‘वाटेत’ ही स्थिती हवीच. स्टोरेज प्रोटेक्टच्या डीआरएममध्ये (आपत्तीनंतर सावरण्यासाठीच्या भागात) टेपेच्या सात अवस्था आहेत आणि त्यांतल्या दोन फक्त कुरियरच्या आहेत, एक जातानाची, एक येतानाची. ज्यांनी ते बांधलं त्यांना माहीत होतं की टेप हरवते ती दोन कपाटांच्या मधे. जून २००५ मध्ये सिटीग्रुपने जाहीर केलं की कुरियरने पाठवलेल्या टेपांची पेटी पोचलीच नाही. त्यात ३९ लाख ग्राहकांची माहिती होती आणि ती एन्क्रिप्ट केलेली नव्हती.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००७ मध्ये आलेल्या एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच २५६ बिटचं एईएस एन्क्रिप्शन आहे. तुमच्या एलटीओ-८ मध्येही आहे. इमारतीबाहेर जाणारी प्रत्येक टेप एन्क्रिप्टेड असावी, यात मला दुसरा विचार दिसत नाही. पण किल्ली कुठे आहे? ती फक्त बॅकअप सर्व्हरवर असेल आणि सर्व्हर गेला, तर टेपा शाबूत राहूनही वाचता येणार नाहीत. आणि किल्ली टेपांच्याच पेटीत घातली तर एन्क्रिप्शनचा उपयोग संपला. तिसरी जागा शोधा, आणि तिथली किल्ली चालते का ते वर्षातून एकदा प्रत्यक्ष टेप वाचून बघा.

पेटीसोबत टेपांची छापील यादीही जाऊ द्या. आणि कॅटलॉगचा स्वतःचा बॅकअप रोज घेऊन त्याची एक प्रत बाहेर ठेवा. कॅटलॉग नसेल तर टेपा स्कॅन करून तो पुन्हा उभा करता येतो, पण भरलेली एक एलटीओ-८ टेप पूर्ण वाचायला ९ ते ११ तास लागतात. दहा टेपा म्हटल्या की एका ड्राइव्हवर चार दिवस गेले, रिस्टोअर अजून सुरूही झालेला नाही.

ठेवण्याबद्दल. दीर्घकाळ साठवणीला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात बाहेरची हवा या मर्यादेच्या कितीतरी वर असते, त्यामुळे एसी संध्याकाळी बंद होणाऱ्या ऑफिसातलं कपाट चालणार नाही. खोलीत एक साधा आर्द्रतामापक लावा आणि तो रात्री काय दाखवतो ते बघा. टेपा आपापल्या प्लास्टिकच्या डबीत, उभ्या. तळघरात आणि तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईत कित्येक तळमजले पाण्याखाली गेले. दुसऱ्या इमारतीतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. लायब्ररीच्या खोलीत २४ तास राहू द्या, म्हणजे तापमान आणि ओलावा जुळतो.

टेप पडली तर? उचलून परत पेटीत ठेवायची नाही. कोपऱ्यावरचं छोटं दार बोटाने सरकवा. आत टेपेच्या टोकाला एक बारीक धातूची पिन असते, लीडर पिन. ती दोन्ही टोकांना आपल्या खाचेत सरळ बसलेली हवी. ड्राइव्ह तिला पकडूनच टेप आत ओढतो. पिन तिरकी असेल, सुटली असेल किंवा टेप हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, तर ती टेप लायब्ररीत घालायची नाही. एका टेपेसाठी ड्राइव्ह अडकला तर बाकीच्या नव्वदही वाचता येणार नाहीत.

लिखाणबंदीचा खटका महिन्याच्या आणि वर्षाच्या टेपांना जरूर लावा. आठवड्याच्या टेपांना लावू नये असं माझं मत आहे. महिन्याभरात त्या रिकाम्या म्हणून परत येतात, खटका मागे सरकवायचं कुणीतरी विसरतं, आणि रात्री लिहायला चढवलेली टेप लिहूच देत नाही.

परत आत घालताना

बाहेरून आलेली टेप म्हणजे रिकामी टेप नव्हे. आणायची यादीसुद्धा कॅटलॉगमधूनच निघाली पाहिजे: रिटेन्शन संपलेल्या, बाहेर असलेल्या टेपा. पूलला ‘रिसायकल पूल’ म्हणून ‘स्क्रॅच’ (रिकाम्या टेपांचा पूल) देऊन ठेवा, म्हणजे मुदत संपून साफ झालेली टेप आपोआप स्क्रॅचमध्ये जाते आणि तुम्हाला तेवढ्याच आणायच्या असतात. हे आणणं वेळेवर झालं नाही तर आत काही मिळेनासं झाल्यावर बॅक्युला बाहेरची मुदत संपलेली टेपही मागतं. तुमच्या काही अडकलेल्या रात्रींचं कारण हेही असू शकेल.

‘लेबल बारकोड्स’ ही आज्ञा सगळ्या स्लॉटांवर सरसकट देऊ नका. बॅक्युलाचं लेबल आधीच असलेल्या टेपेला ते हात लावत नाही, पण जुन्या सॉफ्टवेअरने लिहिलेली टेप त्याला कोरीच वाटते आणि तिच्यावर ते खुशाल लेबल लिहितं. पूर्वीच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या टेपा तुमच्याकडे असतील, आणि नव्वदांत थोड्या असतीलच, तर त्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या पेटीत, खटका लावून ठेवा. नव्या टेपांना लेबल करताना स्लॉट क्रमांक नावानिशी द्या.

क्लीनिंग टेपेचं थोडक्यात. तिचा बारकोड ‘सीएलएन’ने सुरू होतो आणि तिला ठरलेला एक स्लॉट द्यावा. ड्राइव्ह मागेल तेव्हाच साफ करायचा, दर आठवड्याला नाही, कारण साफ करताना हेड झिजतं. लायब्ररी आपोआप साफ करत असेल तर सॉफ्टवेअरमधली ती सोय बंद ठेवा. अशी टेप साधारण ५० वेळा चालते, मग तिला लगेच फेकून द्या. कपाटात ठेवली तर कुणीतरी ती पुन्हा आत घालतं.

महिन्यातून एकदा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिन्ही हिशेब समोरासमोर आणा. लायब्ररीची इन्व्हेंटरी, कॅटलॉगची यादी, आणि कपाटांची प्रत्यक्ष मोजणी. मोजणीसाठी यूएसबीचा साधा बारकोड स्कॅनर घ्या, तो थेट स्प्रेडशीटमध्ये टाइप करतो. हाताने वाचून लिहिताना शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल होतेच. कॅटलॉगमध्ये आहे पण कुठेच सापडत नाही, अशी टेप निघाली तर त्या दिवशीच शोधायला लागा. आठवड्यानंतर कुणाला काही आठवत नाही. कपाटात आहे पण कॅटलॉगमध्ये नाही, अशी निघाली तर तिला रिकामी समजायचं नाही. ती बाजूला ठेवून आधी लेबल वाचा.

आणि तीन महिन्यांतून एकदा बाहेरची कुठलीही एक टेप मागवून तिच्यातली एक का होईना, फाइल परत काढा. टेप कुणी निवडायची? ऑपरेटरने नव्हे. हिशेब विभागातल्या कुणाला तरी एक तारीख विचारा आणि त्या तारखेचं मागा. त्यातून टेप बरी आहे का एवढंच कळत नाही. ती मागितल्यापासून हातात यायला किती वेळ लागला, पेटीची यादी खरी होती का, किल्ली चालली का, हे सगळं एका फेरीत कळतं.

वर्षाखेरीच्या टेपांची वेगळी काळजी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. टेप तेवढी टिकते, पण ड्राइव्हची पिढी बदलते. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचत. एलटीओ-८ फक्त एलटीओ-७ आणि ८ वाचतो. म्हणजे तुमच्याकडे एलटीओ-६ वर लिहिलेल्या वर्षाखेरीच्या टेपा असतील, तर आजच्या तुमच्या लायब्ररीत त्या वाचल्याच जाणार नाहीत. जुना ड्राइव्ह अजून चालतो आहे तोवर त्या एलटीओ-८ वर उतरवून घ्या. पुढे एलटीओ-९ घेतलात तर तो ८ वाचेल, ७ नाही. त्याच्या कोऱ्या टेपा पहिल्यांदा चढवल्यावर ड्राइव्ह प्रत्येक टेपेची एकदाच जुळवणी करतो आणि त्यात दोन तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, तेव्हा नव्या टेपा दिवसा, जॉब नसताना एकेक चढवून घ्या. एलटीओ-१० चा ड्राइव्ह तर मागचं काहीच वाचत नाही.

आता ४८ स्लॉटची लायब्ररी. माझं उत्तर नाही. वरच्या हिशेबात तुमचे २२ स्लॉटही पूर्ण भरत नाहीत. मोठी लायब्ररी घेतलीत तर टेपा आत साठत जातील, बाहेर कमी जातील, आणि ज्या कारणासाठी टेप ठेवायची तेच कमी होईल. पैसे मंजूर होणार असतील तर दुसऱ्या ड्राइव्हसाठी मागा. तुमच्या लायब्ररीत दोन हाफ-हाइट ड्राइव्ह बसतात का ते आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. आत्ता शुक्रवार रात्रीपासून रविवार सकाळपर्यंत तुमचा एकमेव ड्राइव्ह लिहिण्यात गुंतलेला असतो. त्या काळात कुणाला टेपेवरचं काही परत हवं झालं तर एकतर फुल मोडायचा, नाहीतर त्याला सोमवारपर्यंत थांबायला सांगायचं. दुसरा ड्राइव्ह आला की फुल निम्म्या वेळात संपवता येईल, आणि एक ड्राइव्ह बिघडला तरी रिस्टोअर चालू राहील.